परदेशातील विद्यार्थी : बाबासाहेब



आपल्या बहुतेक विहारांच्या भिंतीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरीखाली त्यांच्या पदव्या रंगविलेल्या असतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. आपल्या लेकरांना ही अक्षरं तोंडपाठ आहेत. परंतु त्या अक्षरांच्या मागं किती रात्री गेल्या, किती कर्ज झालं, घरी कोण उपाशी राहिलं, हे भिंत सांगत नाही. जयंतीच्या मंचावरून काही वक्ते तर ३२ पदव्या सांगून मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनी स्वतः शिकून मिळविलेल्या पदव्या बी.ए. धरून सहा, आणि कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली व उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली सन्मानाने दिलेल्या दोन. आकडा फुगविण्याची गरजच नाही. सहा पदव्या कशा मिळविल्या हे नीट समजून घेतलं तर माणसाची छाती दडपते.

आम्ही काही विद्वान नव्हे. गिरणीत पाळ्या करता करता, सुटीच्या दिवशी वाचनालयात बसून बाबासाहेबांची चरित्रं वाचली, त्यातून जे समजलं ते आपल्यापुढं ठेवत आहोत. त्यांच्या संपूर्ण जीवनाचा आढावा इथं घेणार नाही. तो दरवर्षी घेतला जातो. फक्त परदेशात विद्यार्थी म्हणून ते कसे राहिले, काय खाल्लं, कुठं झोपले, पैसा कसा पुरविला, एवढंच पाहू. कारण आता आपल्या वस्त्यांमधली पोरंपोरीसुद्धा परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत, आणि अमरावती-अकोल्यातल्या आईबापांना त्याची धास्ती वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म. वडील सुभेदार रामजी सकपाळ. सातारा, मग मुंबई, परळची चाळ. १९०७ साली मॅट्रिक. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपयांची मदत दिली. १९१२ ची बी.ए. झाल्यावर बडोद्याला नोकरीस गेले, तेवढ्यात वडील आजारी पडले आणि २ फेब्रुवारी १९१३ ला वारले. घरात पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. अशा वेळी सयाजीरावांनी अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. ४ जून १९१३ ला करार झाला. तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२.

आता जरा हिशेब करू. आम्हा गिरणीवाल्यांना पगाराच्या दिवशी हिशेब केल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून ही खोड. साडेअकरा पौंडाचे त्यावेळच्या दराने सुमारे ५६ डॉलर होतात. बाबासाहेब दिवसाला जेवणावर खर्च करीत १ डॉलर १० सेंट. त्यात काय मिळे? एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे पावाचा एक प्रकार, आणि मटणाची किंवा मासळीची एक बशी. महिन्याचे झाले ३३ डॉलर. उरले २३. त्यात खोली, कपडे, पुस्तकं, टपाल आणि मुंबईला घरी पाठवायचे पैसे. न्यूयॉर्कची थंडी आपल्या चिखलदऱ्याच्या थंडीसारखी नव्हे, तिथं बर्फ पडतो. गरम कपड्याशिवाय चालत नाही. एवढ्यात ते पुरवीत.

राहण्याची जागाही एका दमात जमली नाही. आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण मानवलं नाही. मग ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जिथं काही हिंदी विद्यार्थी राहत होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तिथं नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांच्या सोबत राहिला. हे नाव आपण लक्षात ठेवावं, पुढं परत येणार आहे. परदेशात एक सच्चा मित्र मिळणं म्हणजे अर्धी शिष्यवृत्ती मिळण्यासारखं आहे.

सुरुवातीचे काही महिने त्यांचं अभ्यासात म्हणावं तसं लक्ष लागलं नाही, असं चरित्रकार सांगतात. आमचे काही कार्यकर्ते ही गोष्ट लपवितात. का लपवावी? २२ वर्षांचा तरुण, जन्मभर ज्याला शाळेत बाहेर बसविलं, पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही, तो अशा गावी आला जिथं त्याची जात कोणी विचारत नव्हतं. एकाच टेबलावर जेवण, एकाच बाकावर वर्ग. ती हवा अंगाला लागायला चार दिवस लागणारच. मग एके रात्री त्यांनी स्वतःच विचार केला की आपण कशासाठी आलो, मागं कोणाला ठेवून आलो. तिथून जे अभ्यासाला बसले ते उठलेच नाहीत. दिवसाला १८ तास. गिरणीची एक पाळी ८ तासांची. म्हणजे सलग दोन पाळ्या आणि वर दोन तास, तेही रोज. ज्याने एकदा तरी डबल पाळी केली आहे त्याला हे काय असतं ते कळेल.

कोलंबियात ते काय शिकले याचीही नोंद आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. एकूण ६०. एवढे घेण्याची सक्ती नव्हती. समोर ताट वाढलेलं आहे आणि परत कधी मिळेल याचा भरवसा नाही, अशा भुकेल्या माणसासारखे ते शिकले. गुरूही तसेच भेटले. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई, इतिहासाचे शॉटवेल आणि रॉबिन्सन, समाजशास्त्राचे गिडिंग्ज, मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर. यातल्या ड्यूईंचा प्रभाव त्यांच्यावर जन्मभर राहिला.

त्या काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कला होते. हिंदी विद्यार्थ्यांना ते आपल्या चळवळीत ओढीत. बाबासाहेबांनी त्यात पडायचं नाकारलं. आधी अभ्यास, आणि ज्या महाराजांच्या पैशावर आलो त्यांना दिलेला शब्द. आमच्या मते हा फार मोठा निर्णय होता. परदेशी गेलेल्या पोराला सभा, मंडळं, वर्गण्या यांचं बोलावणं येतच असतं. त्यात वाईट काही नाही, पण शिष्यवृत्तीचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

मौज म्हणून एकच गोष्ट शिल्लक राहिली, ती जुन्या पुस्तकांची दुकानं. वेळ मिळाला की तिथं जायचं, स्वस्तात मिळेल ते घ्यायचं. अशी सुमारे २,००० पुस्तकं जमली. निघताना ती एका मित्राच्या हवाली केली, पण त्यातली काहीच हिंदुस्थानात पोहोचली. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तकं अशी गेल्यावर माणसाला काय वाटलं असेल!

२ जून १९१५ ला एम.ए. मिळाली. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. सेमिनार म्हणजे काय ते आपल्या बायाबापड्यांसाठी सांगतो. प्राध्यापक आणि विद्यार्थी टेबलाभोवती बसतात, एकाने आपला लेख वाचायचा आणि बाकीच्यांनी तो उकलून पाहायचा, चुका काढायच्या. तिथं भिडमुर्वत नसते. २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी जात कशी टिकते याचं उत्तर जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, हे त्या परक्या विद्वानांपुढं मांडलं. पुढच्याच वर्षी तो निबंध इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापला गेला. जातीचे चटके खाल्लेला माणूस जातीचा अभ्यासक म्हणून उभा राहिला, आणि गुरूंनी त्याला अभ्यासक म्हणूनच वागविलं. जून १९१६ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला.

आता मुंबईकडे वळू. १९१३ ते १९१७ रमाईंनी कसे दिवस काढले यावर आपल्या भीमगीतांमधून पुष्कळ ऐकतो. शेण वेचलं, गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी राहिल्या. गंगाधर नावाचं लेकरू बाळपणीच गेलं. त्या उभयतांच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. परदेशातल्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमात ही गोष्टसुद्धा मोजली पाहिजे. पुस्तक उघडं आहे आणि मन परळच्या चाळीत आहे. पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागत. घरी आजारपण झालं तर ते कळेपर्यंत माणूस बरं झालेलं असे नाहीतर गेलेलं असे. आज मोबाईलवर रोज तोंड दिसतं, तरी आई इकडं डोळे पुसते. तेव्हाच्या माउलीला अक्षरओळखसुद्धा धड नव्हती. म्हणूनच की काय, न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मुलामुलींना बरोबरीने शिकविण्याचा आग्रह धरला होता.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी, एकाच वेळी दोन्हीकडे नाव घातलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठाकडून एवढीच सवलत मिळाली की चार वर्षांच्या आत येऊन पुरा करावा. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडविली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईत आली तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता. २१ ऑगस्ट १९१७ ला ते सुखरूप मुंबईला उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली ६०० रुपये. त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च झाला.

बडोद्याला काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला गावात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही ११ व्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. ऑफिसात शिपाई फायली दुरून टाकीत. यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की न्यूयॉर्कच्या वसतिगृहात ज्याला सहज खोली मिळाली, त्याला आपल्याच देशात झाडाखाली बसून रडावं लागलं.

पण लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आम्हाला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. पहिल्या खेपेला राजाची शिष्यवृत्ती होती. दुसऱ्या खेपेला कोणी पाठविणारं नव्हतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी हा पगार म्हणजे बंगला-गाडीचा. बाबासाहेब मात्र चाळीतच राहिले आणि पैसा साठविला. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेनाकडून ५,००० रुपये कर्ज. लिव्हिंग्स्टन हॉलमधला तोच मित्र. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. वय २९, घरी बायको, लेकरू, आणि डोक्यावर कर्ज. त्याच वर्षी ३१ जानेवारीला मूकनायक सुरू केलं होतं आणि मे अखेरीस आपल्या नागपूरच्या परिषदेला हजर राहिले होते. चळवळ नुकतीच उभी राहत होती. ती तशी सोडून जाणं काहींना रुचलं नसेल. पण अर्धवट शिकलेला पुढारी समाजाला अर्ध्या वाटेवर सोडतो, हे त्यांना पक्कं कळत होतं.

लंडनच्या दिवसांचं वर्णन वाचताना आम्हाला दोन-तीनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर, तिथं ते १९२१-२२ मध्ये राहिले. लंडनमध्ये ज्या घरमालकिणीकडे त्यांचं खाणंपिणं होतं तिचा हात फार आखडता. सकाळी मासळीचा एक तुकडा, पावाचा तुकडा, चहा. तेवढ्यावर निघायचं. गाडीभाडं वाचवायला शक्य तिथं पायी. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी आत शिरणाऱ्यांत पहिले आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांत शेवटचे. दुपारी जेवणासाठी उठायचं नाही, कारण वेळही जातो आणि पैसाही. याच वाचनगृहात त्यांच्या आधी कार्ल मार्क्ससुद्धा वर्षानुवर्षे बसले होते. संध्याकाळी खिसे टिपणांच्या कागदांनी भरलेले, डोळे शिणलेले. शिवाय इंडिया ऑफिसचं ग्रंथालय होतंच. रात्री थोडंसं काही खाऊन पुन्हा अभ्यास. दहा वाजता भूक खवळायची. एका ओळखीच्या हिंदी गृहस्थाने दिलेले पापड होते. त्यातले चार पत्र्यावर भाजायचे, कपभर दूध घ्यायचं आणि परत पहाटेपर्यंत वाचायचं. सोबतचा मित्र झोपेतून जागा होऊन पाही, तर हे वाचतच असत.

आपल्याकडं लग्नकार्यात पापड पंगतीत उरतात, गोळा करून टाकून देतात. तेव्हा हे चार पापड आम्हाला हटकून आठवतात.

बॅरिस्टरीची एक गंमत आहे. ग्रेज इनसारख्या संस्थांमध्ये नुसती परीक्षा पास होऊन चालत नाही, तिथल्या दालनात ठराविक वेळा सर्वांसोबत जेवायला हजर राहावं लागे. तरच ती मुदत भरली असं धरत. ज्यांना आपल्या देशात पंगतीला बसू देत नव्हते, त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी पंगतीला बसणं सक्तीचं! ते बॅरिस्टर झाले २८ जून १९२२ ला. त्याआधी जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली होती.

मग डी.एस्सी.चा प्रबंध. विषय रुपयाचा प्रश्न. मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो सादर केला आणि ते जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकायला गेले, जर्मन भाषा त्यांना येतच होती. तिकडून मार्च १९२३ मध्ये परत बोलावणं आलं. इंग्रज सरकारच्या चलनविषयक धोरणावरील टीका परीक्षकांना फार तिखट वाटली. मांडणी बदलून आणा, असं ठरलं. पैसे संपलेले होते. लंडनला राहून लिहिणं अशक्य. म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि इथूनच प्रबंध नव्याने लिहून ऑगस्टात पाठविला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पुस्तक लंडनला छापलं गेलं, त्याला कॅनन यांनी प्रस्तावना दिली. बाबासाहेबांनी ते आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलं आहे.

ते पुस्तक अवघड आहे, पण त्यातली एक गोष्ट आम्हा कामगारांना चटकन उमजली. रुपयाची किंमत घसरली की माल बाहेर पाठविणाऱ्याला नफा होतो असं व्यापारी सांगत. बाबासाहेबांनी दाखविलं की हा नफा आकाशातून पडत नाही. भाव वाढतात, मजुरी मागं राहते, आणि तो फरक मजुराच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. लंडनला चार पापडांवर बसून त्यांनी मजुराचा हिशेब मांडला. १९२५ च्या डिसेंबरात सरकारच्या चलन आयोगापुढं त्यांनी साक्षही दिली.

त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडातला आणखी एक तरुण विलायतेत शिकत होता. पापळचे पंजाबराव देशमुख. १९२० मध्ये गेले, एडिंबराची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी करून १९२६ मध्ये परतले. शेतकऱ्याचं पोर, पैशाची ओढाताण तिकडंही होतीच. पण परतल्यावर अमरावतीत त्यांना घर देण्यास कोणी नकार दिला नाही. हा फरक सांगण्यात पंजाबरावांना कमी लेखण्याचा हेतू नाही, उलट अंबादेवीच्या प्रश्नात ते अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले हे वऱ्हाडने विसरू नये.

बाबासाहेबांनी स्वतः सोसलं म्हणून इतरांनीही तसंच सोसावं असं कधी धरलं नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा, सरकारी पैशाची मागणी लावून धरली आणि काही तरुणांना विलायतेला पाठविलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, मुंबईला सिद्धार्थ, औरंगाबादला मिलिंद. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. ज्या घरात पदवीचं लेकरू आहे त्यांनी त्याची माहिती समाजकल्याणच्या कार्यालयातून आत्ताच काढून ठेवावी. जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे कागद ऐनवेळी मिळत नाहीत. आणि लेकरू गेल्यावर पहिले सहा महिने त्याला घरच्या कटकटी फोनवर सांगू नयेत, ही आमची आयाबहिणींना हात जोडून विनंती.

कोलंबियाची पीएच.डी. मात्र राहिली होती. तिथला नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी पुरी होत नाही. छपाईला पैसा लागतो. १९२५ मध्ये तो प्रबंध लंडनला पुस्तकरूपाने निघाला, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला. जून १९२७ मध्ये पदवी रीतसर मिळाली. न्यूयॉर्कला पाय ठेवल्याला तेव्हा १४ वर्षे होत आली होती.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, १३ नोव्हेंबर १९२७ ला, बाबासाहेब अमरावतीला इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष म्हणून बसले होते. विषय होता, अंबादेवीच्या देवळात आपल्या लोकांना पाऊल ठेवू द्यायचं की नाही. तिथंच त्यांना थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची तार मिळाली.